ऑपेराच्या रात्री मोजायच्या कशा?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी पाच-सहा वर्षांपासून पाश्चात्य पद्धतीचं गाणं शिकते आणि पुढे ऑपेरातच, म्हणजे पाश्चात्य संगीत नाटकातच, जायचं म्हणते. ताई लिहितात: "एका यादीत मॉस्को पहिलं, दुसरीत व्हिएन्ना, तिसरीकडे न्यूयॉर्कला ऑपेराची राजधानी म्हटलंय. सर्वांत जास्त ऑपेरा नेमका होतो कुठे? जिथे जास्त होतो तिथेच तिला शिकायला पाठवावं असं घरात ठरतंय. बरोबर आहे का?"

ताई, सरळ उत्तर आधी देतो. वर्षभरातले एकूण प्रयोग मोजले तर व्हिएन्ना, बर्लिन आणि मॉस्को ही नावं पुन्हा पुन्हा वर येतात. सेंट पीटर्सबर्ग फार मागे नसतं, आणि त्यानंतर बुडापेस्ट, प्राग, लंडन, पॅरिस अशी शहरं येतात. १९९६ पासून 'ऑपेराबेस' नावाची एक नोंद चालते. जगभरातल्या नाट्यगृहांचे प्रयोग तिथे टिपले जातात आणि अशा बऱ्याच याद्या त्याच नोंदीतून निघालेल्या असतात. कोणता हंगाम धरला आणि कशाकशाला ऑपेरा म्हटलं, यावर पहिला नंबर बदलतो. त्यामुळे तुम्ही पाहिलेल्या तिन्ही याद्या आपापल्या परीनं खऱ्या असू शकतात. पण मुलीला कुठे पाठवायचं हे त्या यादीवरून ठरवू नका. तिच्यासाठी मोजायचा आकडा दुसराच आहे: त्या भागात महिन्याच्या पगारावर गाणारी माणसं किती आहेत?

हे मी कशाच्या जोरावर सांगतो तेही सांगतो. विशीत मी गडचिरोलीकडच्या वडशाच्या एका नाट्यमंडळात प्रॉम्प्टर होतो. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावांत, निघायचं आणि रात्री दहापासून पहाटेपर्यंत विंगेतून संवाद पुरवायचे. पुढे जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या सरकारी नाट्यगृहात सात हंगाम रंगमंच व्यवस्थापनाचं काम केलं. परत आल्यापासून नागपुरात नाटकांचं आणि गाण्याच्या कार्यक्रमांचं व्यवस्थापन करतो. तारखा, खुर्च्या, सेट उतरवायला लागणारे तास यांतच माझी हयात गेली. म्हणून 'अमुक शहरात इतके प्रयोग' असं वाचलं की मला त्या आकड्यामागे उभी असलेली माणसं दिसायला लागतात.

आधी मोजण्याचा घोळ सोडवू. समजा कुणी विचारलं, नागपुरात गेल्या वर्षी संगीत नाटक किती झालं? नाट्यगीतांच्या मैफली धरल्या तर आकडा चांगला भरेल. वसंतराव देशपांडे सभागृहात, सायंटिफिकमध्ये, गणपतीच्या मंडपात, कुठे ना कुठे नाट्यपदं कानावर येतातच. पण नांदीपासून भरतवाक्यापर्यंत पूर्ण नाटक, पात्रं, पडदे, ऑर्गन, तबला असा प्रयोग म्हणाल तर बोटं मोजायला पुरतील. दोन्ही आकडे खरेच, पण पहिला आकडा गाण्याचा झाला आणि दुसरा नाटकाचा. व्हिएन्नातही हेच आहे. जुन्या पद्धतीचा पांढरा विग आणि झगा घातलेली मंडळी तिथे चौकात उभी राहून पर्यटकांना मोझार्टच्या गाण्यांची तिकिटं विकतात. रोज संध्याकाळी असे कार्यक्रम होतात. गाणी ऑपेरातलीच असतात, पण तो ऑपेरा नव्हे. कुणी ते मोजले तर व्हिएन्नाचा आकडा फुगतो.

पुढचा प्रश्न ऑपेरेटाचा. योहान स्ट्राउसचा 'डी फ्लेडरमाउस' १८७४ मध्ये व्हिएन्नातच पहिल्यांदा रंगमंचावर आला. गाणी, गद्य संवाद, नाच, विनोद असं त्याचं हलकंफुलकं रूप आहे. वर्षाच्या शेवटच्या रात्री व्हिएन्नाच्या स्टाट्सओपर या मोठ्या ऑपेरागृहात तो होतो आणि ऑपेरात मोजला जातो. तोच प्रयोग त्याच शहरातल्या फोल्क्सओपर या दुसऱ्या ऑपेरागृहात झाला की काही याद्या त्याला ऑपेरेटाच्या रकान्यात टाकतात. फोल्क्सओपरमध्ये तर म्युझिकलही होतात. साल्झबुर्गला १९१३ पासून कठपुतळ्यांचं नाट्यगृह आहे. तिथल्या बाहुल्या मोझार्टचे अख्खे ऑपेरे करतात, पण गाणं ध्वनिमुद्रित असतं. मी माझ्या वहीत ते धरत नाही, कारण समोर कुणी गात नाही. दुसरं कुणी धरील आणि त्याच्याशी मी भांडणार नाही.

सर्वांत मोठा घोळ 'ऑपेरा' या शब्दाचाच आहे. पेकिंग ऑपेरा, कँटनीज ऑपेरा ही नावं युरोपियनांनी दिली. चिनी लोक या सगळ्या परंपरेला 'शीच्यू' म्हणतात आणि हाँगकाँगला २०१९ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र नाट्यगृह उघडलं. हे सगळं मोजायचं ठरवलं तर जगाचा नकाशाच बदलेल. मग आपल्या संगीत नाटकानं काय पाप केलंय? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, त्यात दोनशेच्या घरात पदं होती. गाण्यातून कथा पुढे नेणारं नाटकच ते. शहरांच्या याद्यांत मात्र फक्त युरोपीय घराण्याचा ऑपेरा मोजतात, म्हणून या उत्तरात मीही तेवढाच धरतो. पण शब्द कुठे आखडता घेतला आहे, ते ध्यानात असू द्या.

आता खुर्च्या. प्रयोगांची संख्या म्हणजे प्रेक्षकांची संख्या नव्हे. व्हिएन्नाच्या स्टाट्सओपरमध्ये १,७०९ खुर्च्या आहेत, शिवाय उभं राहून पाहणाऱ्यांसाठी काही शे जागा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ३,८०० च्या आसपास खुर्च्या. समजा या मेटनं २०० रात्री केल्या आणि घर (नाट्यगृहाला आम्ही घरच म्हणतो) रोज भरलं, तर ७,६०,००० माणसं झाली. तितकी माणसं खुर्च्यांवर बसवायला व्हिएन्नाच्या त्या घराला ४४५ रात्री लागतील आणि वर्षात तेवढे दिवस नाहीत. म्हणजे प्रयोग मोजले तर न्यूयॉर्क खाली घसरतं आणि प्रेक्षक मोजले तर वर चढतं. जाता जाता, आपल्या रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे २,००० खुर्च्यांचं आहे, स्टाट्सओपरपेक्षा मोठं. कुणी म्हणालं की नागपुरात ऑपेरासाठी एवढं मोठं घर कुठे आहे, तर खुर्च्यांची अडचण नाही असं सांगा. अडचण अशी की ऑपेरात गायकाच्या गळ्यासमोर मायक्रोफोन नसतो. साठ-सत्तर वाद्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गळ्याच्या बळावर पोचवायचा असतो. त्यासाठी रंगमंचापुढे वादकांचा खड्डा लागतो, आणि आवाज गिळून टाकणार नाही असं लाकूड आणि प्लास्टर लागतं. आपली सभागृहं स्पीकर धरून बांधलेली आहेत.

काही जण लोकसंख्येनं भाग देतात. कल्पना चांगली आहे, पण तिच्यातही फसगत होते. बायरॉइट हे जर्मनीतलं जेमतेम पाऊण लाखाचं गाव. संगीतकार वाग्नरनं १८७६ मध्ये तिथे स्वतःच्या कृतींसाठी नाट्यगृह उघडलं आणि आजही तिथे उन्हाळ्यात काही आठवडे महोत्सव भरतो. दरडोई हिशेबात बायरॉइट आभाळाला टेकतं, पण प्रेक्षक जगभरातून येतात आणि महोत्सव संपला की ते घर शांत होतं. पंढरपूरच्या आषाढीतली गर्दी तिथल्या रहिवाशांनी भागून काढावी, तसा तो हिशेब.

मायनिंगेनचा हिशेब मात्र खरा आहे. जर्मनीच्या थुरिंगिया राज्यातलं हे गाव पंचवीस हजारांचं, आपल्या रामटेकच्या आसपासचं म्हणा. तिथे स्वतःचं नाट्यगृह आहे, स्वतःचा वाद्यवृंद आहे, पगारी गायक आहेत, आणि हंगामभर ऑपेरा, नाटक, मैफली चालतात. सॅक्सनीतलं अनाबेर्ग-बुखहोल्त्स त्याहून लहान, तरी तिथेही स्वतःची मंडळी गातात. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त ऑपेरा जर्मनीत होतो तो एकट्या बर्लिनच्या जोरावर नव्हे. सरकारी पैशावर चालणारी अशी ऐंशीच्या आसपास घरं देशभर पसरलेली आहेत, म्हणून होतो. रामटेकच्या माणसानं रात्री जेवून चालत जावं आणि व्हर्दी ऐकून परत यावं, अशी ती सोय आहे. मी काम केलं त्या जर्मन गावात भाजीवाल्या बाईसुद्धा पडद्यामागच्या कुठल्या गायिकेला बाळ झालं ते सांगायच्या. शहरांची यादी पाहणाऱ्याला हे दिसत नाही, कारण ही गावं यादीत फार खाली असतात. मला विचाराल तर जगातल्या ऑपेराचा खरा संसार याच गावांत आहे.

हे झालं कसं? जुन्या जर्मनीत शेकडो संस्थानं होती. शेजारच्या राजाकडे नाट्यगृह आहे, मग माझ्याकडे का नाही, अशी चुरस होती. मायनिंगेनचा ड्यूक दुसरा गेऑर्ग तर स्वतः नाटकं बसवायचा आणि १८७४ ते १८९० त्याची मंडळी युरोपभर दौरे करायची. १९१८ मध्ये राजे गेले. नाट्यगृहं मात्र राहिली, कारण राज्यांनी आणि नगरपालिकांनी ती ताब्यात घेतली आणि गायकांचे पगार सरकारी अंदाजपत्रकात आले. तिकिटांतून खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा निघतो, बाकीचा पैसा जनतेच्या करातला.

हे वाचताना मला दर वेळी सांगली आठवते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. राजा जाण्याची गोष्ट दोन्हीकडे घडली. तिकडे पगार चालू राहिला आणि इकडे बैलगाडी जुंपावी लागली. पुढे किर्लोस्कर मंडळी आणि १९१३ मध्ये निघालेली गंधर्व नाटक मंडळी यांनी जे वैभव उभं केलं ते फिरत्या मंडळ्यांचं होतं. त्यांच्यामागे कुठल्या शहराचं अंदाजपत्रक नव्हतं, म्हणून मंडळी बसली की सगळंच बसलं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. एखाद्या घरात प्रयोग भरपूर होतात की कमी, हे ओळखायची माझी खूण म्हणजे प्रॉम्प्टर.

ऑपेराची घरं ढोबळमानानं दोन रीतींनी चालतात. इटलीत 'स्टाजोने' रीत आहे. मिलानच्या ला स्कालाचा हंगाम ७ डिसेंबरला, संत अँब्रोजच्या दिवशी सुरू होतो. एक कृती घ्यायची, तिच्यासाठी बाहेरून गायक बोलवायचे, काही आठवडे तालीम, मग मध्ये विश्रांतीचे दिवस सोडून ठरावीक प्रयोग. ते झाले की गायक आपापल्या वाटेनं जातात आणि पुढची कृती येते. तालीम घट्ट, प्रयोग नेटका, पण रात्री कमी. जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन, झेक, हंगेरियन घरांत 'रेपर्टरी' रीत आहे. आज पुच्चिनी, उद्या मोझार्ट, परवा बॅले, तेरवा वाग्नर. व्हिएन्नाचं स्टाट्सओपर सप्टेंबर ते जून या दहा महिन्यांत असे ३०० च्या वर कार्यक्रम करतं, त्यात पन्नासच्या वर वेगवेगळ्या कृती आणि बॅले असतात. खड्ड्यात वाजवणारेही घरचेच. व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा नावाजलेला वाद्यवृंद याच घराच्या वादकांतून निवडला जातो.

अशा घरातला दिवस कसा जातो? सकाळी दहाला रंगमंचावर नव्या कृतीची तालीम. दुपारी तिचा सेट उतरवायचा आणि रात्रीचा चढवायचा. संध्याकाळी सातला पहिली घंटा. रात्री अकराला पडदा पडला की पुन्हा सगळं उतरवून दुसऱ्या दिवशीच्या तालमीचा सेट. माझ्या मेजावर स्वरलिपी उघडी असायची. कोणता पडदा कुठल्या सुरावर जातो, कोणत्या गायिकेला खोलीतून कधी बोलवायचं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. एखादी कृती मार्चमध्ये शेवटची झाली आणि नोव्हेंबरमध्ये परत आली, तर मध्ये फार तर एखादी तालीम. गायिकेला शब्द आठवतीलच असं नाही, त्यातही भाषा इटालियन. म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, एक छोटी पेटी असते. तिच्यात प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द सुराच्या किंचित आधी सरकवतो. प्रेक्षकांना त्याच्या डोक्यावरचं झाकण तेवढं दिसतं.

ती पेटी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वडसा आठवलं. झाडीपट्टीत हंगाम दिवाळीनंतर, साधारण भाऊबीजेपासून लागतो. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे गावची जत्रा, आज या गावात, उद्या त्या गावात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत मार्चपर्यंत प्रयोगांची रांग लागते. मंडळ्या डझनांनी, त्यांची कार्यालयं वडशात. संगीत जिवंत, समोर वाजणारं. पुण्या-मुंबईहून आलेल्या कलावंताला संहिता हातात पडते आणि फारशा तालमीविना तो उभा राहतो. हे चालतं ते प्रॉम्प्टरच्या भरवशावर. गावच्या मैदानावर हजारो माणसं थंडीत चादरी पांघरून बसलेली आणि मी विंगेत बॅटरीच्या उजेडात पानं उलटतोय. लोक म्हणायचे, प्रॉम्प्टर लागतो म्हणजे पाठांतर कच्चं. मी म्हणतो, प्रॉम्प्टर लागतो म्हणजे रोज रात्री प्रयोग आहे. व्हिएन्नाच्या पेटीत आणि वडशाच्या विंगेत एकच कारण बसलेलं आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ही रंगभूमी आहे हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. दरडोई हिशेबच करायचा तर हे चार जिल्हे कुणी तरी मोजायला हवेत, ही माझी जुनी इच्छा आहे.

घरांची अशी दाटी असली की आणखी एक गोष्ट होते. जर्मनीत सकाळी नऊला फोन येतो, नायिकेचा गळा बसला. इकडे लगेच दहा घरांना फोन जातात. तीच भूमिका पाठ असलेली गायिका दुसऱ्या गावात मिळते, ती आगगाडीत बसते, दुपारी चारला पोचते. तासभर तिला कुठून यायचं, कुठे उभं राहायचं ते दाखवायचं आणि सातला प्रयोग. मी अशा कितीतरी रात्री पार पाडल्या. ऐंशी घरं आगगाडीच्या टप्प्यात आहेत आणि सगळीकडे थोड्याफार त्याच कृती चालतात, म्हणून हे जमतं. वडशातही असंच. एक नट आजारी पडला तर पलीकडच्या मंडळाच्या कार्यालयात जाऊन दुसरा आणता येतो. तरुण गायकांना पहिली मोठी संधी बहुधा अशीच मिळते, ताई.

बाकीच्या शहरांचं थोडक्यात. बर्लिनमध्ये तीन मोठी घरं आहेत: १७४२ चं उंटर डेन लिंडेनवरचं स्टाट्सओपर, पश्चिमेचं डॉयचे ओपर, आणि दिग्दर्शक वाल्टर फेल्झेनश्टाइननं १९४७ मध्ये काढलेलं कोमिशे ओपर. शहर दुभंगलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंना आपापली घरं राहिली. भिंत पडल्यावर तिन्ही टिकवली आणि २००४ मध्ये एका प्रतिष्ठानाखाली आणली. मॉस्कोत बोल्शोय सोडून स्तानिस्लाव्स्की आणि नेमिरोविच-दानचेन्को यांच्या नावाचं घर, नोवाया ओपेरा, हेलिकॉन अशी घरं आहेत. सेंट पीटर्सबर्गचं मारिन्स्की १८६० चं. त्यानं २०१३ मध्ये शेजारी दुसरं मोठं घर उघडलं आणि एकाच संस्थेचे एका रात्री दोन ठिकाणी प्रयोग होऊ लागले. लंडनचं कॉव्हेंट गार्डन रॉयल बॅलेबरोबर वाटून घ्यावं लागतं, म्हणून तिथल्या सगळ्या रात्री ऑपेराच्या नसतात. न्यूयॉर्कबद्दल मला वाईट वाटतं. १९४३ पासून तिथे सिटी ऑपेरा नावाचं दुसरं घर होतं, स्वस्त तिकिटांचं, तरुण गायकांना हात देणारं. ते २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं. पुढे त्याच नावानं लहान स्वरूपात काम सुरू झालं, पण पूर्वीच्या रात्री परत आल्या नाहीत. अमेरिकेत सरकारी पैसा नगण्य, सगळी भिस्त देणग्यांवर आणि तिकिटांवर. देणगीदार थकले की घर थकतं.

देखण्या इमारतींवरून अंदाज बांधू नका. सिडनीची इमारत जगाला पाठ आहे, पण तिथलं ऑपेराचं सभागृह दीड हजार खुर्च्यांचं. ब्राझीलच्या मनाउसमध्ये रबराच्या पैशातून १८९६ मध्ये अमेझॉनच्या जंगलात ऑपेरागृह उभं राहिलं, मग रबराचा धंदा बसला आणि घर कित्येक वर्षं मुकं झालं. आपल्या मुंबईत गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं. पुढे तिथे सिनेमे लागले, १९९३ मध्ये ते बंद पडलं आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. फार सुंदर झालंय, मुलीला एकदा नक्की दाखवा. मुंबईतच नरिमन पॉइंटला २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्यांनी पूर्ण ऑपेरेही उभे केले आहेत. पण वर्षभर चालणारं, पगारी गायकांचं ऑपेराघर भारतात एकही नाही.

आणि इथेच मी पहिल्या मुद्द्यावर परत येतो. आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे त्या वसंतराव देशपांड्यांचं बालपण आणि गाण्याचे पहिले धडे नागपुरातले. एवढा तयारीचा गळा, आणि त्यांनी कितीतरी वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. चाळिशी ओलांडल्यावर ती नोकरी सुटली, १९६७ मध्ये 'कट्यार'मधले खाँसाहेब त्यांनी उभे केले, आणि जे झालं ते आपण सगळे जाणतो. त्या सभागृहात तारखा लावताना मला दर वेळी वाटतं, या माणसाला विशीत महिन्याच्या पगारावर गायला कुणी ठेवून घेतलं असतं तर? मायनिंगेनसारख्या गावात आज दहा-बारा तरुण गळे तसे ठेवलेले असतात. मोठं काही नसतं, साधा पगार, साधं घर, हंगामाचा करार. पुढच्या हंगामात करार वाढवायचा नसेल तर घरानं ३१ ऑक्टोबरपर्यंत सांगायचं असा तिथला नियम आहे, म्हणून ऑक्टोबरात सगळ्यांची छाती धडधडते. पण वर्षाला पन्नास-साठ रात्री लहान-मोठ्या भूमिका गाऊन गळा आणि पाय दोन्ही रंगमंचावर स्थिर होतात. हे मिलानमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये पंचविशीतल्या मुलीला मिळणं फार अवघड.

तेव्हा मुलीसाठी माझा सल्ला असा. जर्मन भाषा आजपासून सुरू करा. गाण्याच्या प्रवेशपरीक्षेइतकीच ती अडवते. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नसते किंवा नाममात्र असते; बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो पडतात. व्हिएन्नाचं संगीत विद्यापीठ १८१७ पासूनचं आणि उत्तम आहे, पण तिथे अर्ज फार. लाइप्झिग, वायमार, डेटमोल्ड या नावांना कमी लेखू नका. डेटमोल्डला तर विद्यापीठ आणि ऑपेराघर एकाच लहान गावात आहेत. शहर पाहून निवडू नका, गुरू पाहून निवडा. प्रवेशाआधी त्या शिक्षकांकडे एखादा धडा मागा, बरेच जण देतात. एकोणिसाव्या वर्षी आवाज अजून घडतोय. जड भूमिकांची घाई करणारा गुरू भेटला तर तिथून उठून या, मग तो कितीही नामांकित असो. पदवीनंतर घरांच्या 'ओपर्नश्टुडिओ'मध्ये उमेदवारी करता येते आणि पगारी करार बहुतेकदा तिथूनच मिळतात.

आणि त्याआधी एक काम तिनं स्वतः करायचं. बारा-पंधरा घरांची नोव्हेंबर महिन्याची वेळापत्रकं उघडायची. व्हिएन्ना, बर्लिनचं एखादं, ला स्काला, मेट, आणि मायनिंगेन, डेटमोल्ड, अनाबेर्ग अशी लहान घरं. नोव्हेंबर यासाठी की तेव्हा ना महोत्सव ना सुट्ट्या, घराची रोजची चाल दिसते. प्रत्येक घरासाठी वहीत चार रकाने: ऑपेराच्या रात्री किती, वेगवेगळ्या कृती किती, पात्रांच्या यादीतली किती नावं त्या घराच्या कायमच्या गायकांत आहेत, आणि त्यांतली किती तिच्यासारख्या प्रकारच्या आवाजाची. शेवटचे दोन रकाने भरायला वेळ लागेल, दोन-तीन आठवडे लागू द्या. वही भरली की घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असतो, सोबत बसून पाहू.